वायरलेस सेटातला लपलेला मेनू : हात लावण्याआधी हे वाचा



"हॅम रेडिओच्या सेटात एक गुप्त मेनू असतो. तो उघडून आकडे वाढवले की पॉवर वाढते, रेंज लांब जाते," असं सांगणारे व्हिडिओ सध्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरताहेत. हिडकल जलाशयावर जाळं टाकणाऱ्या आणि वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरच्या सभासदांनी याबद्दल विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

विषय किरकोळ नाही. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली. अशा वेळी होडी घेऊन आपलीच माणसं पुढं जातात. लाईट गेली, मोबाईलचा टॉवर बंद पडला, तर वायरलेस सेट हाच आधार उरतो. तो सेट त्याच दिवशी बहिरा निघाला तर काय, एवढाच प्रश्न आहे.

हा मेनू असतो कशासाठी?

मासळी बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्याच्या आतही जुळवणीची सेटिंग असते. ती बसवून झाली की वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, मग कुणी हात लावत नाही. सेटातला लपलेला मेनू म्हणजे तसलंच काम. उदाहरणार्थ, यासू कंपनीच्या एफटी-817 सेटात ए, बी, सी ही तीन बटणं दाबून धरून सेट चालू केला की साठाहून जास्त आकड्यांची यादी उघडते. सिग्नल किती आला हे दाखवणारं मीटर, स्क्वेल्च, बाहेर जाणारी पॉवर, आवाजाची रुंदी, अँटेना खराब असली तर पॉवर कमी करणारं संरक्षण, असं सगळं त्यात आहे.

हे आकडे कारखान्यात प्रत्येक सेटासाठी वेगवेगळे बसवलेले असतात. तुमच्या सेटाचे आकडे शेजाऱ्याच्या सेटाला चालत नाहीत. आणि बऱ्याच सेटात साधा रिसेट मारून ते परतही येत नाहीत. व्हिडिओवाला ही गोष्ट सांगत नाही.

पॉवर वाढवून मिळतं काय?

5 वॅटचे 10 वॅट केले तर ऐकणाऱ्याच्या मीटरवर अर्धा आकडासुद्धा धड वाढत नाही. उलट सेट तापतो, बॅटरी लवकर उतरते. त्यात कुणी संरक्षणाचा आकडा सैल केला आणि पाण्यावरच्या दमट हवेनं अँटेनाचा जोड गंजलेला असला, तर पॉवरचा ट्रान्झिस्टर जळायला वेळ लागत नाही.

रेंज वाढवायची तर अँटेना वर न्या. अँटेना पाण्यापासून दीड मीटरवर असेल तर व्हीएचएफ लहरींचं क्षितिज साधारण 5 किलोमीटरवर असतं. तीच अँटेना बांबूवर 6 मीटर उंच बांधली तर ते 10 किलोमीटरवर जातं. मेनू उघडायची गरजच नाही. फक्त वीज कडाडायला लागली की बांबू लगेच खाली घ्या.

आणखी एक. एफटी-817 आतल्या बॅटरीवर असताना मुळातच अडीच वॅटवर चालतो. बाहेरची 13.8 व्होल्टची सप्लाय जोडली की 5 वॅट देतो. तो बिघाड नाही. म्हणून "पॉवर कमी झाली" म्हणण्याआधी बॅटरी, वायर आणि जोड तपासा.

फ्रिक्वेन्सी सरकली असेल तर?

सेटातला क्रिस्टल थंडी-उन्हानं थोडा सरकतो. समजा दहा लाखात 4 भाग सरकला, तर 145 मेगाहर्ट्झवर 580 हर्ट्झचा फरक पडतो. एफएमवर चॅनेल 12,500 हर्ट्झचा असतो, त्यात हा फरक कळतही नाही. म्हणजे होडीवर बोलायच्या सेटाला ही जुळवणी बहुतेक वेळा लागतच नाही. एसएसबीवर लांबचं बोलणाऱ्यांनी मात्र तपासावं. पद्धत अशी :

1. सेट अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या.
2. 10 मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे अचूक वेळ सांगणारं केंद्र लागतं. रात्री प्रयत्न करा.
3. यूएसबी मोडवर 9.999 लावा. एक सलग शिट्टी ऐकू येईल, ती 1000 हर्ट्झची हवी. मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर बघा.
4. शिट्टी 1020 आली तर सेट 20 हर्ट्झ खाली आहे, म्हणजे दहा लाखात 2 भाग.

एवढ्या फरकासाठी काही सेटात आकडा बदलावा लागतो, काहीत आतला बारीक स्क्रू. दोन्ही कामं जाणकाराकडूनच करून घ्या.

मेनू उघडायचाच असेल तर

- पहिल्यांदा सगळे आकडे वहीत लिहा. वर मोबाईलवर फोटोही काढा.
- एका वेळी एकच आकडा बदला आणि लगेच मोजा. मोजायचं साधन नसेल तर बदलूच नका.
- पॉवर तपासताना अँटेनाच्या जागी डमी लोड लावा.
- स्क्वेल्च घट्ट करू नका. लांबून मदत मागणाऱ्याचा बारीक आवाज त्यातच अडकतो.
- जुना सेट घेताना मालकाला विचारा, आकडे कुणी बदललेत का.

लायसनचं काय?

हॅम सेट वापरायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचं लायसन लागतं. परीक्षा 12 वर्षांपुढच्या कुणालाही देता येते, घरातल्या पोरींनीही द्यावी. लायसन असलं तरी मासळीचा दर, गाडी कुठं आली, असली धंद्याची बोलणी हॅमवर चालत नाहीत. मेनू उघडून समुद्री बँडवर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झच्या चॅनेल 16 वर, हॅम सेटातून बोलणंही बेकायदा आहे. कारवार-मालवणकडं ज्यांच्या बोटी आहेत त्यांनी बोटीसाठीचा मरीन सेटच ठेवावा.

आमचं म्हणणं थोडक्यात : काट्याचा शिक्का तोडून मासळीचं वजन वाढत नाही, तसं मेनू उघडून रेंज वाढत नाही. मृगाच्या पावसाआधी बॅटरी भरा, जोड घासून घ्या, बांबू बघून ठेवा. आणि आकड्यांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सेटाबरोबरच ठेवा. दुरुस्तीवाल्याला तोच सगळ्यात आधी लागतो.

काही शंका असेल तर खाली विचारा. होडीवाल्या भावकीला ही पोस्ट नक्की पाठवा.