निरोप न आलेली गावे आणि उपग्रहाची नजर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. माती-दगडाच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून सुमारे आठ हजार जणांनी प्राण गमावले. अशा वेळी मदत प्रथम पोहोचते ती निरोप येतो तेथे. जे गाव पुरते कोसळले, तेथून निरोप पाठवायला कोणी उरलेले नसते. ही उणीव उपग्रहाची छायाचित्रे भरून काढू शकतात.

त्या वेळी भारताकडे दूरसंवेदन उपग्रह होते. परंतु त्यांच्या उत्तम छायाचित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे ३६ मीटरचा असे. एका ठिपक्यात कित्येक घरे सामावत. पडलेले घर ओळखणे अशक्यच होते. २०१९ मध्ये सोडलेल्या 'कार्टोसॅट-३'ला तीस सेंटिमीटरपेक्षाही लहान तपशील टिपता येतो.

भूकंपापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून तुलना केली जाते. उभ्या घराची सावली पडते, ढिगाऱ्याची तशी पडत नाही. रस्त्यावर आलेला मलबा, तुटलेला पूल, मोकळ्या माळावर जमलेले लोक हेही दिसते. पावसाळ्यात ढग आड आले, तर रडार उपयोगी पडते. त्याच्या लहरी ढगांतून आणि रात्रीही काम करतात. 'इस्रो' व 'नासा' यांचा 'निसार' हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी अवकाशात गेला. मात्र तो त्याच मार्गावर बारा दिवसांनी परततो. एकाच उपग्रहावर विसंबता येत नाही, ते यामुळेच. आपत्तीच्या वेळी विविध देशांच्या उपग्रहांची छायाचित्रे विनामूल्य मिळवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात 'इस्रो' २००१ पासून सहभागी आहे. त्याच वर्षीच्या भूज भूकंपात या व्यवस्थेचा उपयोग झाला होता.

तरीही ढिगाऱ्याखालचा माणूस उपग्रहाला दिसत नाही. तो दाखवितो ते पडलेले घर. आत किती माणसे असतील, हा अंदाज घरांची संख्या, लोकसंख्या आणि भूकंपाची वेळ यांवरूनच बांधावा लागतो. शिवाय मातीचे माळवद, अंगण आणि ढिगारा यांचा रंग वरून सारखाच भासतो. भिंती खचून छत सपाट खाली बसले, तर घर शाबूत असल्याचा भ्रमही होतो.

भोकरदनला हे सारे दूरचे वाटेल. पण १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसरही भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या गटातच गणला जात होता. राजूर, हसनाबाद, अन्वा यांसारख्या गावांची घरे, वाड्या-वस्त्या, पूल आणि पर्यायी रस्ते यांची नोंद नकाशावर आधीच असेल, तरच संकटानंतर आलेले छायाचित्र वाचता येईल. 'आधीचे' चित्र आणि गावाची माहिती हाताशी नसेल, तर 'नंतरचे' चित्र मुकेच राहते. ही तयारी शांततेच्या काळातच करावी लागते. छायाचित्र दिशा दाखवील, ढिगारा उपसण्याचे काम मात्र शेजारच्या गावातील माणसांनाच करावे लागेल.