कमळाचा देठ, कोंबडीची तंगडी आणि सर्जनचा हात

कुऱ्हाडीचा घाव निसटून मांडीवर बसला, किंवा पहाटे मोह वेचायला गेलेल्या माणसावर अस्वलाने झडप घातली, तर एखादे वेळी मोठी रोहिणी (धमनी) तुटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असे अपघात नवलाचे नाहीत. अशा वेळी दोन घड्याळे एकदम सुरू होतात. पहिले मिनिटांचे: रक्त थांबले नाही तर माणूस हातचा जातो. दुसरे तासांचे: दाबून धरून रक्त थांबवले, तरी जखमेच्या खालच्या स्नायूंना रक्त मिळेनासे होते. साधारण ६ तासांच्या आत प्रवाह पुन्हा सुरू झाला तर पाय वाचण्याची आशा बरी असते. पुढे ती झपाट्याने घटते.

आता नकाशा काढा. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० कि.मी. आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ताच बंद पडतो. म्हणजे जखमी माणूस ज्या पहिल्या रुग्णालयात पोचेल, तिथला डॉक्टर काय करतो यावर पुष्कळसे ठरते. त्याने नेमक्या जागी दाब द्यायचा, तुटलेली टोके शोधून चिमट्याने धरायची, आणि जमल्यास दोन टोकांत प्लास्टिकची बारीक नळी बसवून तात्पुरता पूल करायचा. शिवण्याचे काम मग मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. ही युक्ती युद्धभूमीवरच्या शस्त्रक्रियेत चांगलीच रुळलेली आहे. पण असा रुग्ण त्या डॉक्टरकडे कित्येक वर्षांत एखादाच येणार. मग त्याच्या हाताने हे शिकायचे कुठे?

आधी हे काम इतके अवघड का, ते पाहू. फाटलेले कापड शिवताना थोडे आत मुडपले तरी चालते. रक्तवाहिनीत ते चालत नाही. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम प्वाझेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी शोधला. दाब व लांबी तीच असेल, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. नळीचा व्यास ४ मि.मी.वरून ३ मि.मी. झाला, तर प्रवाह तीन-चतुर्थांश उरेल असे विद्यार्थ्यांना वाटते. गणित करून पाहा: ०.७५ चा चौथा घात सुमारे ०.३२. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश! रक्त हा पाण्याइतका साधा द्रव नव्हे, आणि टाक्यापाशी वाहिनी अरुंद होते ती थोड्याच लांबीत; त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. तरी टाक्याने वाहिनी आवळू नये असा आग्रह का, ते यातून कळते. शिवाय वाहिनीचे आतले अस्तर गुळगुळीत राहिले पाहिजे. बाहेरचा पदर आत डोकावला की तिथे रक्ताची गुठळी जमते.

ही अडचण सोडवणारा अलेक्सी कारेल हा फ्रान्समधील लियाँ शहराचा. बारीक सुई-दोऱ्याचे काम तो तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून, मादाम लेरूदिए यांच्याकडून शिकला. त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती फळ्यावर सहज काढून दाखवता येते. नळीच्या गोल तोंडावर समान अंतरावर तीन टाके घ्यायचे आणि ते तीन दिशांना ताणायचे. वर्तुळाचा त्रिकोण होतो. आता एकेक बाजू सरळ रेषेत शिवता येते आणि समोरची भिंत चुकून सुईत सापडत नाही. १९१२ मध्ये कारेलला नोबेल पारितोषिक मिळाले.

रुग्णाला हात लावण्याआधी दुसऱ्या वस्तूवर हात बसवण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ नावाचा आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर. पट्टी बांधण्याचा बाहुल्याच्या अवयवांवर. आणि शीर टोचण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठावर करावा, असे तिथे सांगितले आहे. आमच्याकडे सगळे आधीच होते, असे म्हणायला हा दाखला नको. मला त्यातली निवड महत्त्वाची वाटते. कमळाचा देठ दिसायला शिरेसारखा मुळीच नाही. पण बाहेर पातळ साल, आत मऊ भाग आणि पोकळ नळ्या. सुई आत शिरल्याचे बोटाला कळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांच्या मुलखात हे साहित्य फुकट मिळेल.

आजचे शिकाऊ सर्जन हेच वेगळ्या वस्तूंवर करतात. सिलिकॉनच्या नळ्या असतात. कोंबडीच्या तंगडीतली रोहिणी असते. ती इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने शिवावी लागते. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतल्या वाहिन्याही वापरतात. वाहिनीत तार सरकवून आतून उपचार करण्याच्या पद्धतीसाठी संगणकाची यंत्रे आहेत: हातात खरी तार, पडद्यावर क्ष-किरणांसारखे चित्र, आणि वाट चुकली की चूक नोंदवणारा हिशेब. अमेरिकेत २००२ मध्ये येल विद्यापीठातील एका छोट्या चाचणीत १६ शिकाऊ सर्जन घेतले होते. यंत्रावर आधी सराव केलेल्यांनी खऱ्या रुग्णावर पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले आणि चुकाही बऱ्याच कमी केल्या. ती चाचणी रक्तवाहिन्यांची नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

सरावाची निकड रुग्ण जितका दुर्मीळ तितकी जास्त, हे पटायला गडचिरोलीतलेच उदाहरण पुरे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवले. आता हिशेब करा. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण २५ बाळे जन्मतात. दहा-वीस बाळांमागे एखाद्याला श्वास सुरू करायला मदत लागते. म्हणजे आरोग्यदूताच्या वाट्याला अशी वेळ वर्षातून एक-दोनदाच येणार, आणि तेव्हा हातात काही मिनिटेच असणार. मास्क बाळाच्या तोंडावर घट्ट बसवून पिशवी किती दाबायची, हा हात बाहुलीवरच बसवून ठेवावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा. त्या गावांतील नवजात-मृत्यूदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ते यश संपूर्ण कार्यक्रमाचे होते. जंतुसंसर्गावरची इंजेक्शने, ऊब, स्तनपान हे सारे त्यात होते. त्याचे श्रेय एकट्या सरावाला देता येणार नाही.

मुंबई-नागपूरचा सर्जन रुग्णांच्या संख्येमुळे तरबेज होत जातो. अहेरीच्या किंवा भामरागडच्या डॉक्टरला ती सोय नाही. म्हणून सरावाचे साहित्य आधी त्याच्याकडे पोचायला हवे, असे माझे मत आहे. त्यासाठी लाखोंचे यंत्र लागत नाही. नळी, चिमटे, सुई-दोरा, दर महिन्याला एक तास आणि चूक दाखवणारा जाणता माणूस. शेवटची गोष्ट सर्वांत महाग. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; हा माणूस तिथून तालुक्याला जाऊ शकतो. अर्थात नळीला रक्तदाब नसतो, ती आकसत नाही, टेबलाभोवती नातेवाईक रडत नसतात. तेवढे शिक्षण रुग्णापाशीच होणार.

मोठ्या रोहिणीची गोष्ट क्वचितची. शिरेत सुई घालण्याची रोजची. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना वारंवार सलाईन द्यावे लागते आणि वारंवार टोचून शिरा कडक होत जातात. मग चार-पाच वर्षांच्या मुलाला तीन-तीनदा टोचावे लागते. परिचारिकेच्या सरावासाठी लाल शाईचे पाणी भरलेली बारीक रबरी नळी फोमच्या तुकड्यात पुरून वर पातळ रबर ताणले की काम भागते. सुई तिरपी ठेवून हळू सरकवायची. नळीत शिरली की सुईच्या मागे लाल थेंब दिसतो. आरपार गेली तर फोम लाल होतो.