खेळण्यातल्या रस्त्यावर वाहतुकीचे नियंत्रण

विजेवर धावणारी खेळण्यातली आगगाडी तुम्ही एखाद्या प्रदर्शनात पाहिली असेल. तिला वीज मिळते ती रुळांमधून. रुळांतला प्रवाह बंद केला, की गाडी उभी राहते. पण या आगगाडीशेजारी एक छोटा रस्ता करून त्यावर बस, ट्रक, मोटारी सोडल्या तर? रस्त्याला रूळ नाहीत. प्रत्येक मोटारीची वीज तिच्याच पोटातल्या विद्युत्घटात! मग तिने वळावे कसे, थांबावे कसे आणि पुढच्या ट्रकवर आदळू नये म्हणून काय करावे?

जर्मनीतील फालर या कंपनीने १९८९ साली अशी वाहने बाजारात आणली. यांचे प्रमाण असते १:८७. म्हणजे १२ मीटर लांबीची खरी बस येथे जेमतेम १४ सेंटिमीटरची होते.

प्रथम वळण्याचे पाहू. रस्त्यात बारीक चर पाडून त्यात लोखंडी तार पुरतात आणि वरून रंग देतात. मोटारीच्या पुढच्या चाकांना एक दांडी जोडलेली असते. तिच्या टोकाला असतो लोहचुंबक. तार वळली की चुंबक वळतो आणि त्याच्याबरोबर चाकेही वळतात. पातळ पुठ्ठ्याखाली लोखंडी तार नागमोडी चिकटवा. मग मित्राला डोळे मिटून वरून चुंबक फिरवायला सांगा. तारेची वाट तो बरोबर शोधून काढील. तांब्याची तार घेतलीत तर मात्र तो चुकेल. का बरे?

आता थांबण्याची युक्ती. मोटारीत काचेची एक चिमुकली नळी असते. तिच्यात लोखंडाच्या पातळ पट्ट्या असतात आणि मोटारीची वीज त्यांच्यातून जाते. जवळ चुंबक आला की पट्ट्या हलतात आणि वीज तुटते. म्हणून रस्त्याखाली तारेचे वेटोळे, म्हणजे विद्युतचुंबक, बसवतात. वेटोळ्यात प्रवाह सोडला की वरची मोटार थांबते. प्रवाह काढला की ती पुढे निघते.

एका मोटारीचे जमले. पण तीन-चार मोटारी एकामागून एक धावू लागल्या तर? येथे खऱ्या रेल्वेचा एक जुना नियम उपयोगी पडतो. मार्गाचे टप्पे पाडायचे आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक वेटोळे आणि वरून मोटारीचा चुंबक गेल्याचे ओळखणारे एक बटण बसवतात. मोटार टप्प्यात शिरली, की तिच्या मागचे वेटोळे चालू होते. ती पुढच्या टप्प्यात गेली, की ते बंद होते आणि मागच्या मोटारीला वाट मिळते.

समजा, गोल रस्त्याचे चार टप्पे आहेत. त्यावर जास्तीत जास्त किती मोटारी फिरू शकतील? चार म्हणाल तर फसाल! चारही टप्पे भरले तर प्रत्येक मोटार पुढचीची वाट पाहत उभी राहील आणि एकही हलणार नाही. एक टप्पा रिकामा हवाच. म्हणून मोटारी तीनच.

पुढे मोटारींना जणू डोळेही मिळाले. काही मोटारींच्या मागे न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा दिवा असतो आणि पुढे ते किरण ओळखणारा भाग असतो. पुढच्या मोटारीचे किरण दिसू लागले, की मागची आपोआप वेग कमी करते. हॅम्बुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेल्या ‘मिनिआतुर वुंडरलांड’ या प्रदर्शनात अशी कितीतरी वाहने संगणकाच्या आज्ञेवर धावतात. तेथील क्नुफिंगेन या काल्पनिक गावात तर अग्निशामक बंबही निळे दिवे लावून निघतात!

आता एक अडचण पाहा. आपल्या वेटोळ्यात प्रवाह असेल तरच मोटार थांबते. मग वेटोळ्याची तार निखळली तर? मोटार न थांबता पुढचीवर जाऊन आदळेल. खेळण्यात फार तर रंग उडेल. पण खऱ्या रेल्वेत? म्हणूनच अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली उलट योजना केली. रुळांतून सतत प्रवाह वाहत असेल तरच सिग्नल ‘वाट मोकळी’ दाखवतो. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले, तार तुटली किंवा विजेचा पुरवठा थांबला, तर सिग्नल ‘धोका’च दाखवतो. बिघाड झाला तरी गाडी थांबावी, हेच त्यातले शहाणपण!

आपल्या रस्त्यासाठी अशी योजना तुम्हाला करता येईल का? एक सूचना देतो: रस्त्याखाली विद्युतचुंबकाऐवजी साधा लोहचुंबक ठेवा आणि विजेचा उपयोग त्याला दूर सारण्यासाठी करा. कागद-पेन्सिल घ्या आणि आकृती काढून पाहा.