सरकणारं बेट : ॲसटीगवरची एक फेरी

गेल्या खेपेला आपण नदीच्या मुखाशी गाळ कसा साठतो ते पाहिलं. आज समुद्राने रचलेल्या, आणि समुद्रच हलवत असलेल्या एका बेटाबद्दल बोलू.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांत मिळून, ॲसटीग नावाचं सुमारे ६० किलोमीटर लांबीचं चिंचोळं बेट आहे. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी, तिच्यापलीकडे मुख्य भूमी. किनाऱ्यापुढे असं आडवं पसरलेलं वाळूचं बेट म्हणजे बॅरिअर आयलंड. प्रवासात आम्ही तिथे थांबलो आणि तिथल्या रेंजरबाईंबरोबर फेरीला निघालो.

वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांनी आम्हाला आधी काय दाखवलं असेल? डांबर! वाळूत अर्धवट गाडलेले रस्त्याचे तुकडे. १९५०च्या दशकात या बेटावर प्लॉट पाडून हजारोंनी विकले गेले होते. मार्च १९६२ मध्ये मोठं वादळ आलं आणि लागोपाठ कित्येक भरत्या होऊन गेल्या तरी हलेना. लाटा बेट ओलांडून खाडीत उतरल्या. रस्ता उखडला, बांधलेली बहुतेक घरं गेली. १९६५ साली ही जागा राष्ट्रीय किनारा म्हणून राखण्यात आली.

आता नीट लक्ष द्या, कारण गंमत इथेच आहे. आपल्याला वाटतं, लाट आली म्हणजे बेट झिजलं. पण लाट समोरची वाळू उचलते आणि बेटावरून मागे, खाडीच्या बाजूला नेऊन टाकते. तिथे उथळ जागा तयार होते, तिच्यावर खारं गवत रुजतं, नवी दलदल धरते. म्हणजे पुढून गेलं ते मागे जमा झालं. बेट मरत नाही, सरकतं. म्हणूनच अशा बेटांवर कधीकधी ऐन समुद्राच्या बाजूला, पुळणीवर, काळ्या चिखलाचा थर उघडा पडलेला दिसतो. तो एके काळच्या खाडीकाठच्या दलदलीचा! बेट तिच्या अंगावरून पुढे निघून गेलेलं असतं.

मग अडचण काय? अडचण उत्तर टोकाला आहे. ऑगस्ट १९३३च्या वादळाने ओशन सिटी या गावाच्या दक्षिणेला जमीन फोडून समुद्राला वाट करून दिली. त्याआधी गाव आणि ॲसटीग सलग होते. मासेमारीला ही वाट सोयीची, म्हणून ती बुजू नये यासाठी तिथे जेटी बांधल्या. आपल्याकडे जेटी म्हणजे बोट लागते ती जागा; इथे म्हणायचंय ते समुद्रात घुसवलेल्या दगडी भिंतींबद्दल. या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ती भिंतीपाशी अडली. गावाची पुळण रुंदावली आणि ॲसटीगचं उत्तर टोक उपाशी राहिलं, इतकं की ते आपल्या पूर्ण रुंदीहून अधिक मागे सरकलं. सरकणं स्वाभाविक, पण हा वेग माणसाने दिलेला. आता वाटेत साठलेली वाळू उपसून बोटीने ॲसटीगसमोर नेऊन टाकतात. भिंत आपणच घालायची आणि वाळूही आपणच वाहायची.

उरलेल्या बेटावर मात्र सरकण्याशी जुळवून घेतलंय. गाड्या लावायची जागा शिंपले आणि मातीची, स्वच्छतागृहं हलवता येतील अशी.

घोडे दिसले का, हे तुम्ही विचारणारच. दिसले. पोटं टम्म फुगलेली. ते चांगले खाल्ल्यामुळे नव्हेत; खारट गवतावर जगायचं म्हणजे पाणी फार प्यावं लागतं.

मागून प्रश्न आलाय, देवबागला असंच का? देवबागही वाळूचीच चिंचोळी पट्टी आहे, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली. पण ती बेट नाही, आणि तिच्यावर माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. प्लॉट विकले जाण्याच्या टप्प्यावर ॲसटीग रिकामं करता आलं. देवबागकरांना कोण म्हणणार, तुम्हीही सरका? तिथे बंधारा मागणाऱ्याला आम्ही चूक म्हणणार नाही. फक्त बंधारा घालताना त्याच्या पुढच्या वाडीची वाळू कुठून येते, हे आधी बघायला हवं.