वही विषाची, बाटली औषधाची

जानेवारी १९८६. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या आजारांचे काही रुग्ण दाखल होते. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजले जात होते. तेव्हाची ती रोजची उपचारपद्धत होती. या वेळी मात्र ग्लिसरीन घेतलेल्यांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि बघता बघता चौदा जण दगावले. ज्या दुखण्यासाठी ते रुग्णालयात आले होते, त्याने ते गेले नाहीत. त्यांच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल होते.

हा पदार्थ दिसायला ग्लिसरीनसारखाच. रंग नाही, दाटसर, चवीला गोड. वाहनांच्या ब्रेक ऑइलमध्ये, छपाईच्या शाईत वापरतात. औषधी दर्जाच्या ग्लिसरीनपेक्षा किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलपेक्षा तो स्वस्त पडतो आणि सगळी मेख इथेच आहे. लहान मूल तोंड वाकडे न करता तो पिते.

आपल्याकडे विषाचा कायदा तसा जुना. मुंबई इलाख्यात विषविक्रीवर बंधने घालणारा कायदा १८६६ सालीच झाला. सोमल देऊन माणसे आणि कातड्यासाठी गुरेढोरे मारली जात, ही त्यामागची मोठी चिंता होती. पुढे १९०४ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा आला आणि त्याची सुधारून १९१९ साली जी आवृत्ती निघाली, ती आजही लागू आहे. या सगळ्या कायद्यांचा रोख एकच: विष विकणाऱ्याकडे परवाना हवा, वहीत नोंद हवी, घेणारा कोण आणि कशासाठी नेतो ते कळायला हवे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीला आवर घातला, तेव्हाही ओळखपत्र आणि नोंदवही हाच मार्ग धरला. विष हे विष म्हणूनच विकले जाणार, हे त्यात गृहीत आहे.

औषधांचा कायदा वेगळ्या वाटेने आला. बाजारात भेसळीच्या आणि कसहीन औषधांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. कायदा व्हायला १९४० उजाडले. मधल्या काळात, १९३७ च्या शरद ऋतूत, अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून बाजारात आणले. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यात लहान मुले पुष्कळ. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता तपासण्याची सक्तीच नव्हती. कारवाई झाली ती लेबलवर ‘एलिक्सिर’ लिहूनही आत मद्यार्क नव्हता एवढ्या मुद्द्यावर. १९३८ मध्ये तिथे नवा कायदा झाला. म्हणजे आपला कायदा लिहिला गेला, तेव्हा हे विष औषधाच्या बाटलीतून काय करू शकते, हे जगाला तीन वर्षे ठाऊक होते.

१९४० च्या कायद्यात पुढे भर पडत गेली. सौंदर्यप्रसाधने आली, १९६४ मध्ये आयुर्वेदिक आणि युनानी औषधे आली. त्या कायद्याखालच्या नियमांतली ‘ई-१’ ही अनुसूची मला फार बोलकी वाटते. वत्सनाभ, धोतरा, कुचला, गुंज, पारा, हरताळ यांच्याबरोबर आपल्या आजीच्या फडताळातला बिब्बाही त्या यादीत आहे. जे औषध तेच विष, हे आपल्या वैद्यांना पूर्वीच कळले होते. कायद्याने त्यावर फक्त देखरेखीची अट घातली. ‘एच’, ‘एच-१’, ‘एक्स’ या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या अनुसूचीही अशाच वाढत गेल्या. ‘एक्स’मधल्या औषधांना कुलपाचे कपाट आणि चिठ्ठीची दुसरी प्रत, तर ‘एच-१’साठी वेगळी वही, तीही तीन वर्षे जपून ठेवायची. चांगले नियम आहेत. पण हे सगळे दुकानाच्या काउंटरवरचे झाले. जे. जे. मध्ये विष आले ते पुरवठ्यातून.

त्या मृत्यूंची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी केली. औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषधी म्हणून रुग्णालयात पोचले होते. लेंटिन पुरवठादारापाशी थांबले नाहीत. खरेदी करणारे, तपासणी करणारे, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय अशी सगळी साखळी त्यांनी कडीकडीने उलगडली. १९८८ मध्ये आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. औषध प्रशासनाविषयी इतके निर्भय लिखाण आपल्याकडे क्वचितच झाले असेल. तो अहवाल प्रत्येक औषध निरीक्षकाच्या प्रशिक्षणात वाचून घ्यायला हवा.

पण विष थांबले नाही. १९९८ मध्ये दिल्ली-गुडगाव भागात खोकल्याच्या औषधाने तीसहून अधिक मुले गेली. २०२० च्या आरंभी जम्मूच्या रामनगरमध्ये तेच. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या पातळ औषधांचे नाव आधी गॅम्बियातल्या आणि मग उझबेकिस्तानातल्या बालमृत्यूंशी जोडले गेले. मधल्या काळात शिक्षा वाढल्या होत्या. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये बनावट औषधांसाठी फाशीपर्यंतची शिफारस केली आणि २००८ च्या दुरुस्तीत जन्मठेप आली. जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या बाटलीला जी चाळणी लावली, ती देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला नव्हती. याचा मला मनापासून संताप येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुले साध्या सर्दी-तापाचे औषध घेऊन आजारी पडली. लघवी थांबलेली मुले घेऊन आईबाप नागपूरला धावले आणि त्यातली कित्येक लेकरे नागपूरच्या रुग्णालयांतच गेली. वीसहून अधिक मुले दगावली. औषध तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनलेले. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. चालण्यासारखे प्रमाण आहे ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. इतक्या त्रुटी एका रात्रीत साचत नाहीत. हा कारखाना परवान्यावर चालत होता.

कच्च्या मालाचा प्रत्येक लॉट वापरण्याआधी तपासलाच पाहिजे, असे आपले औषध नियम कधीपासून सांगतात. या विषाची चाचणी अवघड नाही, महागडीही नाही. कायदा आहे, चाचणी आहे. कच्च्या मालाच्या ड्रमचे झाकण उघडण्याआधी तिथे जाऊन उभा राहणारा निरीक्षक नाही आणि मेलेल्या मुलांचा दोष मी त्या रिकाम्या जागांवरच ठेवतो.

वाचकांना एक विनंती. मुलासाठी पातळ औषध घ्याल तेव्हा पक्के बिल मागा आणि त्यावर बॅच क्रमांक लिहिला आहे ना, ते तिथेच काउंटरवर पाहा. बाटली संपेपर्यंत ते बिल जपून ठेवा. शंका आली तर १९४० च्या कायद्यातले २६ वे कलम तुमच्या बाजूने आहे: विकत घेतलेले कोणतेही औषध ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि त्याचा अहवाल मिळवण्याचा हक्क कुणाही माणसाला आहे.