उंची सायकली आणि मोठ्या पेढ्यांचीं दुकानें

नामांकित सायकल कोणत्या दुकानांत विकली जावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यापाऱ्यांचा दिसतो. फाउंटनपेन किंवा पुस्तक कोठूनहि घेतलें तरी वस्तु तीच राहते. मग सायकलीच्या बाबतींत एवढी चर्चा कां व्हावी? याचें कारण असें कीं, सायकल कारखान्यांत पुरी होत नाहीं. ती दुकानांत पुरी होते. हें कसें, तें वाचकांपुढें मांडण्यासाठीं आम्ही अमेरिका व इंग्लंड येथील दोन पेढ्यांची हकीकत घेतली आहे.

कारखान्यांतून सायकल निघते ती खोक्यांत बंद होऊन. पुढचें चाक काढलेलें, हँडल आडवें वळविलेलें, पायडलें सुटीं. चाकाच्या तारा सारख्या ताणलेल्या नसल्या तर चाक डुलूं लागतें. ब्रेकची नवी तार पहिल्या कांहीं आठवड्यांत सैल पडते. ती पुन्हां आवळावी लागते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. अजाण माणूस तें नेहमींच्या स्क्रूप्रमाणें उजवीकडे पिळून बळानें बसवूं लागला, तर क्रँकचे आटे कायमचे बिघडतात. पुढचा चिमटाच उलट्या तोंडानें बसवून विकावयास मांडलेल्या सायकली परदेशांतील बाजारांत अनेकांनीं पाहिल्या आहेत! शिवाय फ्रेमचें माप बसणाराच्या पायांशीं जुळावें लागतें, आणि हें काम बसवून पाहिल्याशिवाय होत नाहीं. ज्या दुकानांतला नोकर सकाळीं मोटारीच्या बॅटऱ्या विकतो व दुपारीं सायकली जोडतो, तेथें हें सर्व नीट होईलच असें कोणीं सांगावें?

अमेरिकेंतील श्विन कंपनीनें हें मर्म पूर्वींच ओळखलें होतें. इग्नाझ श्विन व ॲडॉल्फ अर्नोल्ड यांनीं ती इ. स. १८९५ त शिकागो येथें स्थापिली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनें निवडक विक्रेते नेमून, सायकल जोडून व तपासून मगच गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावी असा आग्रह धरिला. माल या विक्रेत्यांबाहेर जाऊं नये म्हणून घातलेल्या अटी सरकारास मान्य झाल्या नाहींत. खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १९६७ सालीं निकाल झाला कीं, माल एकदां विकून टाकल्यावर तो पुढें कोणास व कोठें विकावा हें कारखानदारानें ठरवूं नये. पुढें १९७७ त दुसऱ्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें हा कडक नियम सोडून दिला. एका पायगाडीनें कायद्याच्या ग्रंथांत एवढी जागा अडवावी, याची आम्हांस मौज वाटते.

श्विनचे दिवस मात्र फिरले. १९८० त शिकागोच्या कारखान्यांत संप झाला व बरेंच काम तैवानच्या जायंट कंपनीकडे गेलें. १९९२ त दिवाळें निघालें, २००१ त पुन्हां निघालें. त्या वेळीं पॅसिफिक सायकल या कंपनीनें तें नांव विकत घेतलें, आणि श्विनची अक्षरें रंगविलेल्या स्वस्त सायकली वॉलमार्टच्या दुकानांत साबण-मोज्यांच्या शेजारीं आल्या. नांव जुनें, परंतु गिऱ्हाइकाच्या पायाचें माप पाहणारा विक्रेता नाहींसा झाला.

इंग्लंडांत याच्या उलट दिशेचा प्रयोग झाला. तेथें नांव दुकानांत जाऊन उतरलें नाहीं, तर दुकानच वर चढूं पाहत होतें. हॅलफर्ड्स ही पेढी १८९२ त बर्मिंगहॅम येथें लोखंडी सामानाच्या व्यापारांतून उभी राहिली. १९०२ त लेस्टर शहरांतील हॅलफर्ड रस्त्यावर तिचें दुकान निघालें; तेथूनच तिचें नांव पडलें व सायकलीच्या सामानाची विक्री सुरू झाली. पुढें गांवोगांवीं शाखा झाल्या, पण मोटारीचें सामान व मुलांच्या सायकली मिळण्याचें ठिकाण, एवढीच तिची ओळख पुष्कळांच्या मनांत होती. अशा दुकानांत २००७ त बोर्डमन सायकली आल्या. क्रिस बोर्डमन यांनीं १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें ४००० मीटरच्या पाठलाग शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें होतें. त्यांचें नांव सायकलस्वारांत आदरानें घेतलें जाई.

यंत्रांत खोट नव्हती. २००८ त बीजिंग येथें निकोल कुक यांनीं रस्त्यावरील शर्यत बोर्डमन सायकलीवरच जिंकली. एकच मोठी पेढी हजारों नग एकदम मागविते, मधले दलाल गळतात, म्हणून किंमत आवाक्यांत राहते. त्यांतच १९९९ च्या कायद्यानें, कामावर जाण्यासाठीं मालकामार्फत घेतलेल्या सायकलीवर करांत सवलत मिळूं लागली होती. तिची नेहमींची मर्यादा बरींच वर्षें एक हजार पौंड असे. शेजारच्या लहान दुकानदारास हें जड गेलें असल्यास नवल नाहीं. विक्रीचा नफा मोठ्या दुकानास, आणि डुलणारें चाक तेवढें याच्या दारीं! ही तक्रार आम्हांस केवळ मत्सराची वाटत नाहीं.

हॅलफर्ड्सनें २०१४ त बोर्डमन कंपनीच विकत घेतली. परंतु पाटीचा प्रश्न तिलाहि सुटलेला दिसत नाहीं. निराळ्या सायकलप्रेमी गिऱ्हाइकांसाठीं तिनें सायकल रिपब्लिक या वेगळ्या नांवानें दुकानें काढलीं, आणि २०१६ त उंची सायकली विकणारी ट्रेड्झ ही पेढी घेतली. सायकल रिपब्लिकचीं दुकानें बंद करण्याचें २०२० त जाहीर झालें. आमच्या मतें पाटीपेक्षां आंतला कारागीर महत्त्वाचा. मोठ्या दुकानांतहि जाणता कारागीर असूं शकतो, व लहान दुकानांतहि आळशी भेटतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं गिऱ्हाइकानें दोन गोष्टी विचारून घ्याव्या: ही सायकल कोणीं जोडली, आणि महिन्याभरानें तारा आवळावयास आणली तर तोच माणूस भेटेल काय?