सूज की जंतुसंसर्ग? प्रकाशाच्या साहाय्याने शोध

सांधा बदलल्यानंतर किंवा मोडलेल्या हाडात पट्टी बसविल्यानंतर काही आठवड्यांनी ती जागा सुजली, की नातेवाईक विचारतात, "आत पू तर झाला नाही ना?" प्रश्न साधा, पण उत्तर कठीण. जखम भरून येतानाही सूज असते आणि जंतुसंसर्गातही. निदान चुकले तर विनाकारण पुन्हा शस्त्रक्रिया होते, अथवा बसविलेला सांधाच काढून टाकावा लागतो.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये या प्रश्नावरील एक वेगळा मार्ग प्रसिद्ध केला. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ती म्हणतात. स्पिरिटमध्ये विरघळलेली हळद अतिनील दिव्याखाली हिरवट चमकते, ती यामुळेच. संशोधकांनी असे एक रंगद्रव्य व्हँकोमायसिन या प्रतिजैविकास जोडले. हे औषध स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंच्या पेशीभित्तिकेला चिकटते. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसते, म्हणून औषध नेमके जंतूंपाशी थांबते आणि दिवा तेथेच लागतो. मात्र हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन दृश्य प्रकाश बराचसा शोषून घेते. त्यामुळे सुमारे ८०० नॅनोमीटरचा, ऊतींतून तुलनेने सहज पार होणारा अवरक्त प्रकाश निवडून तो विशेष कॅमेऱ्याने टिपला गेला.

स्नायूंत जंतुसंसर्ग असलेल्या जिवंत उंदरांत ही जागा बाहेरून दिसली. जंतुविरहित सुजेपासून ती वेगळी ओळखता आली. पुढे मृत मानवी देहाच्या पायात बसविलेल्या रोपणावरील जंतूही ओळखता आले. पूर्वी संसर्गाची प्रत्येक पायरी पाहण्यासाठी काही प्राणी मारावे लागत. प्रतिमाचित्रणात तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी मनात अस्वस्थता असणाऱ्यांना ही गोष्ट, आमच्या मते, मोलाची वाटावी.

मर्यादाही स्पष्ट आहेत. उंदीर लहान, माणसाचा खुबा खोल. हा प्रकाश ऊतींतून जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाट काढतो. शिवाय ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचे बाह्यावरण व्हँकोमायसिनला आत येऊ देत नाही, तेव्हा चित्र काळोखे म्हणजे संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही.

रुग्णशय्येपाशी आजही रक्ततपासणी आणि सांध्यातील द्रवाचे कल्चर यांवरच भिस्त आहे. कल्चरच्या अहवालास काही दिवस लागतात. त्यापूर्वी घरच्या घरी प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू केल्यास जंतू असूनही ते वाढत नाहीत व अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून नमुना घेईपर्यंत गोळ्या देऊ नयेत, असे डॉक्टर सांगतात.